पासवर्ड तुझ्याकडेच ठेव: इंजिनीअरिंगचा प्रवेश आणि वसतिगृहातलं पहिलं वर्ष

प्रश्न विचारणारी मुलगी परतूर तालुक्यातली आहे. बारावी लातूरला राहून केली, एमएचटी-सीईटीत ९१ पर्सेंटाइल आहेत, प्रवर्ग ओबीसी. वडील शेती करतात आणि घरातलं कुणीच याआधी इंजिनीअरिंगला गेलेलं नाही. तिचं विचारणं थोडक्यात असं: मामा म्हणतात कॉम्प्युटरच घे, कॉलेज कुठलंही चालेल. तालुक्यातले एक जण पैसे घेऊन कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म भरून देतात, त्यांच्याकडे द्यावा का? पुण्यात राहणं झेपेल का? आणि इंग्रजी बोलता येत नाही, त्याचं काय?

मी सतरा वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं, बारा उन्हाळे प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर बसले आणि सहा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. त्या अनुभवावरून सांगते. आधी फॉर्मचं बोलू, कारण घाई तिथेच आहे.

फॉर्म तू स्वतः भर. कुणाची मदत जरूर घे, शेजारी बसव, पण लॉगिन, पासवर्ड आणि मोबाइल नंबर तुझा किंवा वडिलांचा हवा. हे मी इतकं ठासून का सांगते, तर एका जुलैतली दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पर्याय भरायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती आणि साडेचारला एक वडील मुलीला घेऊन केंद्रावर आले. फॉर्म भरलेला होता, पण कन्फर्म केलेला नव्हता. कन्फर्म करायला ओटीपी लागतो आणि तो जात होता कॅफेवाल्याच्या मोबाइलवर, कारण नोंदणी करताना त्याने स्वतःचाच नंबर टाकला होता. तो मेहुणीच्या लग्नाला गेलेला, फोन बंद. वडील दर पाच मिनिटांनी फोन कानाला लावून व्हरांड्यात जायचे आणि तसेच परत यायचे. मुलगी माझ्या टेबलासमोर हातातली फाइल घट्ट धरून बसलेली. पाच वाजले, खिडकी बंद झाली. कन्फर्म न केलेला फॉर्म त्या फेरीत धरलाच जात नाही. पुढच्या फेरीत तिला सीट मिळाली, पण तिला हवी असलेली शाखा तोवर भरून गेली होती. तिचे पर्सेंटाइल कमी नव्हते.

म्हणून आज संध्याकाळी एक काम कर. सीईटीच्या नोंदणीला कुठला नंबर आणि कुठला ईमेल दिला आहे ते उघडून बघ. दुसऱ्याचा असेल तर बदलून घे, आणि ऑनलाइन बदलत नसेल तर सुविधा केंद्रावर जाऊन विचार. पासवर्ड वहीत लिहून ठेव. ती वही पुढे चार वर्षं उपयोगी पडेल. महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी संकेतस्थळ), परीक्षेचा फॉर्म, वसतिगृहाचा अर्ज, सगळीकडे हाच प्रकार आहे.

आता कागद. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. यातल्या दोन ठिकाणी मुली अडकतात. पहिलं जात वैधता. ते जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळतं आणि त्याला वेळ लागतो. अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज केला असशील तर उत्तम. नसेल तर उद्याच कर आणि पावती जपून ठेव. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर तुझा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. दुसरं नॉन-क्रीमी लेयर. घरात ते असतं, पण जुनं असतं. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेतेस, त्या वर्षाच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध पाहिजे. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंतचं लागत होतं. दाखल्यावरचा कालावधी शेवटच्या ओळींत बारीक अक्षरांत असतो. तो बोट ठेवून वाच.

आणि नावं जुळतात का ते बघ. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव ज्ञानेश्वर आणि जातीच्या दाखल्यावर ज्ञानोबा, असं आपल्याकडे घरोघरी आहे. घरात दोन्ही नावांनी एकच माणूस ओ देतो, पण कागद तपासणारा थांबतो. त्याची तजवीज आधी सेतू केंद्रात विचारून करून ठेव, शेवटच्या दिवशी प्रतिज्ञापत्रासाठी धावायला नको. टीसी कॉलेजात जमा होते, तिच्या पाच-सहा झेरॉक्स आधीच काढ. बाकी मूळ मार्कशीट आणि दाखले तपासून परत द्यायचे असतात, ते अडकवून ठेवता येत नाहीत. यूजीसीने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. कुणी ठेवून घ्यायला लागलं तर वडिलांना मान खाली घालू देऊ नकोस. शांतपणे म्हण, पोच लिहून द्या.

कटऑफची यादी वाचायला शिक. सीईटी सेल, म्हणजे ही परीक्षा आणि प्रवेश चालवणारं सरकारी कार्यालय, मागच्या वर्षाच्या याद्या देतं आणि त्यात प्रत्येक रकान्यावर एक सांकेतिक शब्द असतो. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींची. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. उदाहरणार्थ 'एलओबीसीओ' म्हणजे मुलींची, ओबीसीची, बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांची जागा. तू चार प्रकारांत बसतेस: खुल्या सर्वसाधारण, खुल्या मुलींच्या, ओबीसी सर्वसाधारण आणि ओबीसी मुलींच्या. चारही रकाने बघ. बहुतेक मुली फक्त आपल्या प्रवर्गाचा एकच रकाना बघून हिरमुसतात.

इथे तुझ्या बाबतीत एक खास गोष्ट आहे. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी जिथून झाली त्यावरून, घर कुठे आहे त्यावरून नाही. तुझं गाव जालना जिल्ह्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या हद्दीत. पण बारावी लातूरची, म्हणून तुझी होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. जिथे ही विभागणी लागू असते तिथे ७० टक्के जागा होमच्या आणि ३० टक्के बाहेरच्यांच्या. तेव्हा नांदेड-लातूर-परभणीकडे तू एचच्या रकान्यात येशील, तर संभाजीनगर आणि पुणे दोन्हीकडे ओच्या. मैत्रिणीला तेवढ्याच पर्सेंटाइलवर संभाजीनगरला जागा मिळाली आणि आपल्याला नाही, असं झालं तर त्याचं कारण बहुधा हे असेल. अर्जाच्या प्रिंटवर होम युनिव्हर्सिटी काय छापून आली आहे ते तपासून घे.

आता पर्यायांचा क्रम. सगळ्यांत जास्त नुकसान याच ठिकाणी होतं, म्हणून सावकाश वाच.

क्रम तुझ्या आवडीचा लावायचा, कटऑफचा नाही. कॉम्प्युटर गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे एकेकाचा अर्ज घेतो आणि त्याची यादी वरून खाली बघत जातो. जिथे जागा शिल्लक सापडते तिथे थांबतो. वरचं अवघड कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. तेव्हा मनापासून हवं ते वर लिहायला घाबरू नकोस. पण २०२५-२६ पासून फेऱ्या चार झाल्या आणि ऑटो फ्रीझचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तोच तुझा प्रवेश, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाला तरी तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. 'पहिल्या फेरीत काहीतरी पदरात पडू दे' म्हणून एका मुलाने घराजवळचं, सहज मिळणारं कॉलेज एक नंबरवर लिहिलं. ते मिळालं आणि त्याच्यासाठी प्रक्रिया तिथेच संपली. दुसऱ्या नंबरवर लिहिलेलं कॉलेज त्याला त्याच फेरीत मिळू शकलं असतं, यादीवरून ते दिसतच होतं. तो माझ्याकडे आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फॉर्म भरण्याआधी तुझ्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत हे आकडे पुन्हा बघ, कारण दरवर्षी थोडाफार बदल होतो.

दुसरा सापळा बेटरमेंटचा. सीट मिळाली, ती स्वीकारली आणि आणखी चांगल्याची वाट बघायचं ठरवलं, तर पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये हातातल्या सीटपेक्षा चांगलेच पर्याय लिही. पुढच्या फेरीत काहीही मिळालं की आधीची सीट आपोआप जाते, नवी सीट जुनीपेक्षा वाईट असली तरी जाते. फॉर्म लांब दिसावा म्हणून खाली चार नावं जोडणारी मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत. काहीच नवं मिळालं नाही तर जुनी राहते, त्यामुळे आखूड यादीची भीती बाळगायचं कारण नाही. पहिल्या फेरीत मात्र यादी लांब ठेव, चाळीस-पन्नास पर्याय तरी.

शाखेबद्दल मामांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. कॉम्प्युटर आवडत असेल तर जरूर घे. 'कॉलेज कुठलंही चालेल' हे मात्र चालणार नाही. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढली. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढल्या, पण शिक्षक आणि लॅब त्याच वेगाने वाढतात असं नाही. माझं मत विचारशील तर नव्या, रिकाम्या इमारतीतल्या कॉम्प्युटरपेक्षा जुन्या, नीट चालणाऱ्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल किंवा ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मी निवडेन. तिथे शिकवणारी माणसं असतात, वरच्या वर्गातली मुलं असतात आणि कोडिंग शिकायला कुणी अडवत नाही. हे मत आहे, नियम नाही. आठही सेमिस्टरचे विषय विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात. ते वाचून ज्या विषयांची नावं बघून उत्सुकता वाटते ती शाखा वर ठेव.

शक्य असेल तर वरच्या तीन कॉलेजांना प्रत्यक्ष जाऊन ये. प्रवेशद्वारावरचे नोकऱ्यांचे फलक बघू नकोस. दुपारी चारनंतर लॅबकडे जा आणि किती मशीन चालू आहेत ते बघ. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना गाठून विचार की गेल्या सेमिस्टरला कुठल्या विषयाला शिक्षकच नव्हता. मुली खरं सांगतात.

पैशाचं. कॅपमधून प्रवेश घे, हे तुझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर हे मिळत नाही. एजंट 'सीट करून देतो' म्हणतो तेव्हा हे सांगत नाही. पावतीशिवाय पैसे मागितले तर देऊ नका; देणगी घेणं राज्यात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, वसतिगृह आणि मेस यांचा खर्च मात्र उरतो, त्याची तपशीलवार यादी लेखी माग. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी स्वतः भर आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे याची शाखेत जाऊन खात्री कर. आधार भलत्याच जुन्या खात्याला जोडलेलं असल्यामुळे पैसे तिकडे गेलेले मी पाहिले आहेत. शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. तिथे नंबर लागला नाही तर ओबीसी विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिची चौकशी जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात कर.

आता पुण्यात झेपेल का, याबद्दल. लातूरला दोन वर्षं खोली करून राहिलीस, डबा लावलास, आजारी पडलीस तेव्हा स्वतः दवाखान्यात गेली असशील. निम्मी तयारी तिथेच झाली. फरक एवढाच की लातूरला सगळ्यांचं ध्येय एक होतं आणि दिवस क्लासवाल्यांनी आखून दिलेला होता. इथे दिवस तुझा तुलाच आखावा लागेल.

पहिल्या सेमिस्टरला बहुतेक मुली दोन ठिकाणी दचकतात. एक म्हणजे ग्राफिक्स, म्हणजे इंजिनीअरिंगची ड्रॉइंग. रेषा मारायचा मिनीड्राफ्टर हातात धरायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा येते, आणि शेजारचा मुलगा सरसर रेषा मारत असतो कारण त्याने डिप्लोमावाल्या भावाचं बघितलेलं असतं. वसतिगृहातल्या सीनियर मुलीकडून जुना ड्राफ्टर आणि तिच्या तपासलेल्या शीट माग, नवीन घेऊ नकोस. दुसरं म्हणजे गणित, ज्याला सगळे एम-वन म्हणतात. शेवटच्या फेरीतून आलीस तर दोन-तीन आठवड्यांची लेक्चर बुडालेली असतील; ती आधी भरून काढ.

ऑक्टोबरमधली एक रात्र सांगते. साडेअकराला माझ्या दारावर टकटक झाली. एका मुलीची रूममेट होती, म्हणाली, मॅडम, ती बॅग भरतेय. वर गेले तर खरंच भरलेली बॅग पलंगावर, आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. तालुक्यात पहिली आलेली पोर. एम-वनच्या इन-सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, तीसपैकी सात मिळाले होते. नऊ दिवस तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मेसला खाडा लावून खोलीत बिस्किटांवर राहिली होती. मी तिला समजावलं नाही. खाली नेऊन पोहे करून घातले आणि उत्तरपत्रिका मागितली. तिने सोडवलेली उदाहरणं जशीच्या तशी पाठ केली होती. आकडे बदलले की हात थांबत होता. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांसमोर तिला बसवलं. सरांनी पार्शियल डिफरन्सिएशनचं एकच उदाहरण तिच्याकडून चार वेगवेगळ्या तऱ्हांनी करून घेतलं. ती पुढे रोज सव्वाचारला त्यांच्याकडे जायला लागली. एंड-सेमला सत्तरपैकी एक्केचाळीस आले, विषय सुटला. त्या नऊ दिवसांचं मला आजही वाईट वाटतं; रूममेट खाली आली नसती तर मला कळलंच नसतं.

तुझ्यावर असे दिवस आले तर दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी सांग. रेक्टर, मेंटॉर म्हणून नेमलेले शिक्षक, रूममेट, कुणीही चालेल. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तरी आकाश कोसळत नाही; पुढच्या परीक्षेत सोडवता येते. फक्त केटी इतक्या साचू देऊ नकोस की वर्ष डाऊन होईल, म्हणजे पुढच्या वर्षात जाता येणार नाही.

रॅगिंगबद्दल थोडंच सांगते. नाव-गाव विचारणं इतपत ठीक. त्यापुढे अंगाला, मनाला किंवा खिशाला हात घालणारं काहीही झालं तर तो महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन आहे आणि तक्रार नाव न सांगताही करता येते. 'सगळ्यांनाच सोसावं लागतं' असं कुणी म्हणालं तर ते ऐकू नकोस.

इंग्रजी. तुझं बारावी सायन्स इंग्रजीतूनच झालं आहे, म्हणजे वाचता-लिहिता येतं. अडचण तोंडाची आहे, आणि ती दोन महिन्यांत बरीच कमी होते. वर्गात प्रश्न इंग्रजीत जुळत नसेल तर मराठीत विचार. इकडचे बहुतेक शिक्षक मराठी आहेत, उत्तर देतात. मी तर अशा मुलींची वाट बघायचे. रात्री खोलीत पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाच आणि वाचलेलं रूममेटला इंग्रजीत तीन वाक्यांत सांग. चुकलं तर चुकू दे. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक ओरलला बोलावंच लागतं, तोवर जीभ सैल झालेली असेल.

वसतिगृहात सोडायला वडील येतील तेव्हा त्यांना फाटकातून परत पाठवू नकोस. लेकीच्या कॉलेजात आपण शोभणार नाही असं वाटून पुष्कळ बाप बाहेरच थांबतात, फाटकाशी पिशवी धरून उभे राहतात. त्यांना आत ने. खोली दाखव, मेसमध्ये बसवून जेवू घाल, रेक्टरशी गाठ घालून दे आणि रेक्टरचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये स्वतः सेव्ह करून दे. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेव, म्हणजे स्टँडवर त्यांना रात्र काढावी लागणार नाही.